कानाची मशीन नवीन घेतलीय? नॉइज रिडक्शन कानाला कसं लागतं आणि ते नाशकात फिरून कसं तपासायचं

मशीन घेऊन आठ-दहा दिवस झाले की जवळपास प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो, "आवाज वाढला, पण समजत काही नाही, उलट बाकीचा गोंगाटच जास्त येतो." मी पण हेच बोललो होतो. सातपूरला कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून आकार देतात तिथे) बावीस वर्षं काढली, कानात बोळा घालायची सवय शेवटची दोन-तीन वर्षं लागली तोपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, ऐकण्याच्या तपासणीचा ग्राफ काढला तर दोन्ही कान ४००० हर्ट्झच्या आसपास खड्ड्यात गेलेले. सतत आवाजात काम केलेल्यांचा खड्डा बहुतेक तिथेच पडतो. आता सहा वर्षं झाली दोन्ही कानांना मशीन लावतोय.

हे लिहायचं खरं कारण म्हणजे आमची आई. तिला माझ्या आधी मशीन घेतली होती, दुकानदाराने सांगितलं "यात नॉइज रिडक्शन आहे, गोंगाट पूर्ण बंद होईल, फक्त माणसं ऐकू येतील" आणि सेटिंग एकदम फुल करून दिली. आई घरी आली आणि दुसऱ्या दिवसापासून म्हणायला लागली की तुम्ही सगळे माझ्यासमोर कुजबुजता. आम्हाला वाटलं वयामुळे चिडचिड होतेय. पंधरा दिवसांत मशीन कपाटात गेली ती परत निघालीच नाही. आज मला कळतं की तिला खरंच तसंच ऐकू येत होतं, आणि आमच्यापैकी एकालाही तेव्हा ते कळलं नाही याचं वाईट वाटतं. तुमच्या घरी असं होऊ नये म्हणून क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी, हे फीचर नेमकं काय करतं ते समजून घ्या

आपल्या आतल्या कानात शंखासारखा भाग असतो, त्यात केसासारख्या बारीक पेशी असतात, एका कानात साधारण पंधरा-सोळा हजार. या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. हळू आवाज मोठा करणं हे त्यांचं एक काम, आणि वेगवेगळे आवाज वेगळे काढून देणं हे दुसरं. पिठाच्या चाळणीचं जाळं सैल झालं की पिठाबरोबर कोंडा पण खाली उतरतो ना, तसं आपल्या कानाचं झालेलं असतं, बोलणं आणि गोंगाट एकमेकांत मिसळून आत जातात. मशीन वरून कितीही पीठ ओतेल, चाळण तीच. म्हणून ज्यांचे कान चांगले आहेत ते मेन रोडवर उभं राहून आरामात गप्पा मारतात आणि आपल्याला मात्र बोलणं गोंगाटापेक्षा चांगलंच वर लागतं.

आता नॉइज रिडक्शन. मशीन येणारा आवाज बारीक (उंच सुराचा) ते जाड (खालच्या सुराचा) अशा पट्ट्यांमध्ये वाटून घेते, चॅनल म्हणतात त्याला. मग प्रत्येक पट्ट्यात बघते की आवाज वर-खाली होतोय की सपाट आहे. आपण अक्षर अक्षर करत बोलतो, त्यामुळे बोलण्याचा आवाज सेकंदाला चार-पाच वेळा वर-खाली होत असतो. फॅन, कूलर, एसी, बसचं इंजिन, पाण्याची मोटर हे मात्र एकसारखं घुंऽऽ करत राहतं. ज्या पट्ट्यात सपाट घुंघुं सापडली तिथला आवाज मशीन खाली घेते. एवढंच.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण सगळी गडबड इथेच होते. त्या पट्ट्यातून गोंगाट वेगळा उचलून बाहेर टाकला जात नाही, अख्खा पट्टाच खाली जातो, त्यात जे काही बोलणं असेल ते पण सोबत खाली जातं. त्यामुळे साध्या नॉइज रिडक्शनची चाचणी घेतली तर लोकांना शब्द जास्त समजायला लागले असं सहसा निघत नाही. फायदा दुसरा आहे, कानाला त्रास कमी होतो, ऐकताना मेंदूला लागणारा जोर कमी होतो, संध्याकाळी डोकं तितकं जड होत नाही. हा फायदा छोटा नाहीये. मी दिवसभर मशीन लावून बसू शकतो तो याच्यामुळेच. पण "समजत नाही" या तक्रारीवर हे औषध नाही हे पहिल्या दिवशी सांगितलं पाहिजे, आणि कुणी सांगत नाही.

समजण्यासाठी मशीनमध्ये दुसरी सोय असते, डायरेक्शनल माइक. एका मशीनवर दोन माइक असतात, समोरचा आवाज आधी पुढच्या माइकला पोचतो मग मागच्या, त्या जराशा फरकावरून मशीन समोरचं ठेवते आणि मागचं दाबते. यातून तीन-चार डेसिबलचा फरक पडतो आणि आपल्यासारख्यांना तेवढ्यात वाक्य हाती लागतं. मशीनमधून येणारी शिट्टी रोखणारी सोय वेगळी, भांडं आपटल्यावर येणारा खाडकन आवाज दाबणारी वेगळी, वाऱ्याची वेगळी. हल्लीच्या महाग मशीनमध्ये एआय चिप येते, ती हजारो आवाजांवर शिकवलेली असल्यामुळे बोलणं आणि गोंगाट जास्त चांगला वेगळा करते, पण चार माणसं एकदम बोलत असतील तर त्यातलं तुम्हाला कोणाचं ऐकायचंय हे तिला तरी कसं कळणार.

मग तपासणी आणि ग्राफ

यावर जास्त लिहीत नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून मळ वगैरे बघून घ्या. अचानक एका कानाने यायचं बंद झालं असेल तर मशीनचा विचार नंतर, आधी त्याच दिवशी डॉक्टर गाठा, त्यात दिवस घालवले तर नुकसान होतं. ऑडिओलॉजिस्ट (ऐकणं तपासून मशीन बसवून देणारे) रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे रजिस्टर आहेत का ते विचारा, विचारायला लाजू नका. ग्राफची एक कॉपी स्वतःकडे ठेवा, लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. ग्राफ उजवीकडे उतरत गेला असेल तर स, श, त, थ, फ, क असली बारीक अक्षरं तुमच्या हातून सुटतात आणि आ, ओ, ऊ चांगले येतात, म्हणूनच "आवाज येतो पण समजत नाही".

पहिले पंधरा दिवस घरातच

पहिल्या दिवशी सगळं अंगावर येतं. मला फ्रिजचा आवाज इतका यायचा की मी मुलीला म्हटलं मेकॅनिक बोलाव. पेपरची पानं, स्वतःची चप्पल, बाथरूममधला थेंब थेंब नळ. हे सगळे आवाज घरात आधीपासून होतेच, आपल्या मेंदूला त्यांची सवय राहिली नव्हती. काही आठवड्यांत मेंदू त्यांना परत मागे ढकलायला शिकतो, काहींना दोन-तीन महिने पण लागतात. म्हणून पहिल्या आठवड्यातच "गोंगाट फार आहे, नॉइज रिडक्शन वाढवून द्या" म्हणत पळू नका. वाढवून घेतलं तर मेंदूला ते आवाज मिळतच नाहीत, मग तो सवय कशाची करणार? हे माझं मत आहे पण अनुभवातून आलेलं आहे. खाडकन आवाज टोचत असतील, दुखत असेल, तर मात्र लगेच जा, ते सहन करायचं नसतं.

घरात एक चाचणी करा, पैसे लागत नाहीत. हॉलमध्ये फॅन फुल स्पीडवर ठेवा. घरातल्या एका माणसाला चार-पाच फुटांवर बसवा आणि एका जातीचे शब्द वाचायला सांगा, मी हे वापरले: ताप, साप, काप, थाप, चाप, बाप, माप, पाप. ओठ दिसू द्यायचे नाहीत, तोंडासमोर वही धरायला सांगा. एकदा नॉइज रिडक्शन चालू ठेवून, एकदा बंद करून. मोबाईल अ‍ॅपमध्ये बटण असतं, नसेल तर ऑडिओलॉजिस्टकडून मशीनच्या दोन प्रोग्रामवर दोन वेगळी सेटिंग टाकून घ्या. दोन्ही वेळा किती बरोबर आले ते लिहा आणि त्याच्या शेजारीच वेगळ्या कॉलममध्ये लिहा की कानाला कितपत बरं वाटलं. माझे बंद असताना आठपैकी पाच आले आणि चालू असताना पण पाचच, पण चालू असताना फॅन जणू शेजारच्या खोलीत गेला होता आणि मानेचा ताण गेला होता. फुल सेटिंगवर मात्र तीन. साप आणि थाप दोन्ही मला "आप" असे यायला लागले. आईचं काय झालं होतं ते त्या दिवशी मला समजलं.

अजून एक ऐका. बोलणारा थांबला की फॅन खाली जातो आणि तो बोलायला लागला की त्याच्या शब्दांबरोबर फॅनचा आवाज पण वर येतो, श्वास घेतल्यासारखा, असं होतंय का? काहींना हे कळत पण नाही, काही जण यानेच हैराण होतात. दोघांचा ग्राफ अगदी सारखा असला तरी आवड वेगळी निघते. कुणाला गोंगाट चालतो पण आवाज बिघडलेला चालत नाही, कुणाला आवाज थोडा दबला तरी चालतो पण गोंगाट नको म्हणजे नको. तुम्ही कुठल्या गटातले आहात ते फक्त तुम्हालाच कळणार आहे, ग्राफवर ते दिसत नाही.

आता गावात फिरा, पण ठरवून

ट्रायल शांत केबिनमध्ये घेऊन मशीन विकत घेऊ नका. केबिनमध्ये प्रत्येक मशीन चांगलीच वाटते. दोन-तीन आठवड्यांची ट्रायल मागा आणि नेहमीच्या जागांवर जा.

पहिली जागा सिटीलिंकची बस. सीबीएसवरून (मधल्या बस स्टँडवरून) नाशिक रोडला जा, एवढा वेळ पुरतो. इंजिनची सपाट घरघर म्हणजे नॉइज रिडक्शनचं सगळ्यात आवडतं खाद्य, इथे फरक कळलाच पाहिजे. बसमध्ये बसल्यावर काही सेकंदांत घरघर मागे जाते की नाही बघा, काही मशीन लगेच करतात काही जरा वेळ घेतात. इथे पण फरक कळत नसेल तर एकतर सेटिंग बंद आहे नाहीतर डोमचा (कानात जाणाऱ्या रबरी भागाचा) प्रॉब्लेम आहे, डोमचं पुढे सांगतो.

दुसरी जागा भद्रकालीचं भाजी मार्केट, सकाळी गर्दीच्या वेळी. इथला गोंगाट माणसांच्या बोलण्याचाच असतो, तो पण वर-खाली होतो, त्यामुळे साधं नॉइज रिडक्शन इथे गोंधळून जवळपास गप्प बसतं. मशीन खराब आहे असं समजू नका. इथे भाव ऐकायचा प्रयत्न करा. सात, साठ, आठ या तिघांमध्ये मी कितीतरी वेळा फसलोय, मागच्या पावसाळ्यात मेथीच्या जुडीचा भाव मावशीने सांगितला, मला "आठ" ऐकू आला, मी दहाची नोट पुढे केली आणि मावशी नोटेकडे बघतच राहिल्या, मग हाताची बोटं दाखवत जोरात म्हणाल्या "साऽठ, दादा, साऽठ". स पूर्ण गेला होता आणि ठ ने आठ बनवला होता. तेव्हापासून मी बाजारात थेट समोर, गाळ्याच्या अगदी जवळ उभा राहतो, मागची गर्दी पाठीवर घेतो, आणि आकडा मी स्वतः परत बोलून दाखवतो, "साठ ना?" डायरेक्शनल माइकचा प्रोग्राम लावून हे केलं तर बरंच जमतं.

तिसरी जागा मिसळीचं हॉटेल, रविवारी सकाळचं. स्टीलच्या ताटल्या, फरशी, पत्र्याचं छत, आवाज सगळीकडून घुमून येतो. बसायची जागा इथे निम्मं काम करते. बरेच जण भिंतीला पाठ लावून बसतात, म्हणजे सगळं हॉटेल त्यांच्या समोर आणि मशीनचे माइक समोरच ऐकतात, मग सगळं हॉटेल कानात. उलटं करा, सोबतच्या माणसाला भिंतीकडे बसवा आणि तुमची पाठ हॉटेलकडे करा. अंतर पण कमी ठेवा, कारण अंतर दुप्पट झालं की बोलणं साधारण सहा डेसिबल खाली जातं आणि घुमणाऱ्या जागेत लांबून तर डायरेक्शनल माइकला पण काही सुधरत नाही. समोरासमोर छोट्या टेबलावर बसलात तर रस्सा वाढणाऱ्याचं ऐकू येणार नाही, पण सोबतच्या माणसाचं येईल.

गंगापूर धरणाकडे गाडीवर जाणार असाल तर वाऱ्याचा भडभड आवाज येतो, दोन माइकवाल्या प्रोग्राममध्ये तो जास्त येतो. त्याचं वेगळं सेटिंग असतं, ते चालू आहे का विचारा.

वहीत काय लिहायचं

ऑडिओलॉजिस्टकडे जाऊन "बरं वाटत नाही" म्हटलं तर त्यांनी करायचं काय? कुठे, कोणाचं, कसं ऐकू आलं असं लिहा. आमच्या ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी मला शब्द वापरायला शिकवले त्याचा फार उपयोग झाला. पाण्याखालून आल्यासारखा किंवा गोधडीआडून आल्यासारखा वाटत असेल तर नॉइज रिडक्शन जास्त झालंय किंवा बारीक आवाज कमी दिलाय. टोचतो, खणखण करतो असं असेल तर बारीक आवाज जास्त झालाय. स्वतःचा आवाज माठात बोलल्यासारखा घुमत असेल तर डोम किंवा मोल्ड (कानाच्या मापाने बनवलेला भाग) बघावा लागेल. फॅन श्वास घेतो असं वाटत असेल तर ते पण जसंच्या तसं सांगा. दमायला किती होतं तेही लिहा, संध्याकाळी सात वाजता दहापैकी किती थकवा, एवढा एक आकडा रोज. मला स्वतःला हाच आकडा सगळ्यात खरा वाटतो, शब्द तितकेच समजत असले तरी थकवा आठवरून पाचवर आला तर सेटिंग बरोबर चाललंय.

परत जाऊन सेटिंग करून घेताना

एका वेळी एकच गोष्ट बदला. आवाज वाढवला, नॉइज रिडक्शन कमी केलं, माइक बदलला असं सगळं एका बैठकीत केलं तर पुढच्या आठवड्यात काय झालं कशामुळे झालं हे तुम्हालाही सांगता येत नाही आणि त्यांनाही कळत नाही. नॉइज रिडक्शन मधल्या पायरीवर सुरू करा असं माझं म्हणणं. मशीन किती तास लावली, किती वेळ गोंगाटात होती याची नोंद मशीन स्वतः ठेवते, ती कॉम्प्युटरवर दिसते, त्यामुळे दोन तास लावून आठ तास सांगू नका. कानात बारीक नळी घालून पडद्याजवळ खरा आवाज किती पोचतो ते मोजता येतं, ती सोय असेल तर करून घ्याच, कारण आवाजच कमी पोचत असेल तर नॉइज रिडक्शनशी भांडण्यात अर्थ नाही.

आणि डोम. कानात जाणारा जो रबरी भाग असतो त्याला भोकं असतील तर तो ओपन डोम. स्वतःचा आवाज घुमत नाही म्हणून तो आवडतो, पण त्या भोकांतून बाहेरचा जाडा आवाज, म्हणजे बसची घरघर, मशीनला वळसा घालून थेट कानात जातो. मशीनने आतला आवाज कितीही दाबला तरी बाहेरचा चालूच. माझं पहिलं दीड महिना हेच चाललं होतं, मी सेटिंगवर सेटिंग बदलून घेत होतो आणि द्वारका चौकात बस थांबली की वैतागत होतो, शेवटी मॅडमनी बंद डोम घालून दिला आणि पुढच्याच फेरीत फरक कळला. ज्यांचा जाडा आवाज अजून चांगला शाबूत आहे त्यांना बंद डोम दडपल्यासारखा वाटेल, त्यांच्यासाठी मधला पण मिळतो.

भजन, गाणं, वाद्यं

हे फार कमी जणांना सांगितलं जातं म्हणून वेगळं लिहितो. आमच्या पंचवटीतल्या घराजवळ गुरुवारी भजन असतं. मशीन घेतल्यावर पहिल्या गुरुवारी गेलो तर पेटीचा सूर लांबवला की मध्येच दबायचा, आणि तानपुरा तर थोड्या वेळाने जवळपास नाहीसाच व्हायचा. मी समजलो कान अजून गेले. खरं कारण साधं होतं, तानपुरा एकसारखा वाजत राहतो, मशीनच्या हिशोबात तो कूलरच. बासरीच्या लांब सुराला शिट्टी समजून शिट्टी रोखणारी सोय पण मध्ये पडते आणि सूर थरथरायला लागतो. यावर उपाय म्हणजे म्युझिकचा वेगळा प्रोग्राम, त्यात नॉइज रिडक्शन बंद, शिट्टीवाली सोय बंद किंवा अगदी कमी, माइक चारी बाजूंचे. बटण दाबून तिथे जायचं आणि भजन संपल्यावर परत यायचं. ज्या गुरुवारी हे करून गेलो त्या दिवशी तानपुरा शेवटपर्यंत होता, मी टाळ खाली ठेवून नुसता ऐकत बसलो होतो.

रंगपंचमीला रहाडीवर (रंगाच्या पाण्याच्या हौदावर) किंवा मिरवणुकीत ढोलाजवळ जायचं असेल तर मात्र कुठल्याच प्रोग्रामच्या भरवशावर जाऊ नका. मशीन काढून डबीत, डबी घरी, आणि कानात फोमचे बोळे. राहिलेल्या पेशी सांभाळायच्या आहेत.

लग्नाचा हॉल, मीटिंग, आणि घरची माणसं

हॉलमध्ये, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, पाच-सात फुटांच्या पलीकडचं समजायला मशीनमधलं काहीच पुरत नाही. तिथे रिमोट माइक घ्या, पेनाएवढा किंवा बिल्ल्याएवढा असतो, बोलणाऱ्याच्या शर्टाला लावायचा, त्याचं बोलणं थेट मशीनमध्ये येतं. दहा डेसिबलच्या वर फरक पडू शकतो, नॉइज रिडक्शन आणि डायरेक्शनल माइक मिळून देतात त्यापेक्षा कितीतरी जास्त. बजेटमध्ये एकच गोष्ट बसत असेल तर वरच्या मॉडेलऐवजी मधलं मॉडेल आणि हा माइक घ्या असं मी प्रत्येकाला सांगतो.

घरच्यांनी करायचं ते असं. आधी नावाने हाक मारा, माणसाने वळून बघितलं की मग बोला. आतल्या खोलीतून बोलू नका. मिक्सर, एक्झॉस्ट, टीव्ही यातलं जे चालू असेल ते आधी बंद करा. ओरडू नका, ओरडल्याने फक्त आ-ओ मोठे होतात, स-त-थ तिथेच राहतात, त्यापेक्षा थोडं सावकाश बोला. एकदा नाही समजलं तर तेच वाक्य तिसऱ्यांदा बोलण्यापेक्षा शब्द बदला, "साठ" कळत नसेल तर "सहा दहा" म्हणा. आणि "जाऊ दे, काही नाही" हे तर कधीच म्हणू नका, आई मशीन कपाटात ठेवायच्या आधीचे शेवटचे काही दिवस आम्ही तिला हेच म्हणत होतो.